चिंध्यांची साक्ष

गुरुवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना माझ्या उजव्या हाताचं बोट थरथरलं. मायक्रोस्कोपखाली केसाएवढी थरथरसुद्धा लपत नाही. मी हात मागे घेतला, श्वास सोडला, थांबलो आणि मग उरलेलं काम नीट पार पाडलं. नर्सने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. नागपूरला माझ्या वडिलांचं दुखणं असंच एका बोटापासून सुरू झालं होतं. शेवटी शेवटी आई त्यांना बशीने चहा पाजायची. मी कुणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर सोमवारची ऑपरेशन्स गेली असती, आणि ती गेल्यावर माझ्यात काय उरतं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

म्हणून मी बंदुकीला साक्षीला बोलावलं.

बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग वंगण लावलेल्या सुती चिंधीत शिशाची गोळी धरून ती गजाने तळापर्यंत ठासायची. आम्ही राहतो त्या कॅरी गावापासून तासाभरावर नेमबाजीची एक रेंज आहे. तिथे मला एका म्हाताऱ्या पेशंटने नेलं होतं. नजर परत आल्याच्या आनंदात त्याने मला हा नाद लावला आणि स्वतः फ्लोरिडाला राहायला गेला. आमच्या ओळखीतले मराठी डॉक्टर गोल्फ खेळतात आणि माझ्या बंदुकीचा विषय निघाला की एकमेकांकडे बघून हसतात. हसोत बापडे.

पूर्वी निशाणाच्या कागदावर माझ्या पाच गोळ्यांची भोकं एका वाटीखाली झाकली जायची. या वसंतात ती ताटभर पसरायला लागली. दोष दारूचा किंवा वंगणाचा, असं मी तेव्हापासून स्वतःला बजावत आलो होतो. बंदूक तर वाळूच्या पिशवीवर टेकवलेली असते, मग हाताचा संबंध येतोच कुठे? दारू आणि वंगण जमलं, भोकं पुन्हा वाटीत आली, की माझा हात निर्दोष. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला चिंधीचा होता.

गेल्या काही वीकेंडांत जाड दाण्याची दारू झाली, बारीक दाण्याची झाली. मेण आणि ऑलिव्ह ऑइल झालं. साबणाचं पाणी झालं, नुसती थुंकीसुद्धा लावून पाहिली. बोकडाची चरबी कढवायला घेतली तेव्हा बायकोने सगळ्या खिडक्या उघडल्या.

"अठराशे सत्तावन्न माझ्या किचनमध्ये नको हं," ती म्हणाली.

ती एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. गोळ्यांचा दर्जा तपासणं हेच तिचं काम, अर्थात पोटात घ्यायच्या गोळ्यांचा. तिने मला बाजूला सारलं, मेणात साजूक तूप कालवलं आणि चिंध्या त्यात बुडवून ताटात पसरल्या. "एका वेळी एकच व्हेरिएबल चेंज करायचं," ती म्हणाली. "तू सगळं एकदम बदलतोस यार, मग कळणार काय?"

रविवारी ती माझ्याबरोबर रेंजवर आली. मी पाच बार काढले. गोळी सुटली की चिंधी थोड्या अंतरावर गवतात पडते. वंगण कमी पडलं असेल तर ती जळते, फाटते. जमलं असेल तर मध्ये काळा डाग आणि कडा शाबूत. सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्यावर बायको पुढे जाऊन माझ्या चिंध्या वेचून घेऊन आली.

"बघ, एकही जळलेली नाही."

मी निशाणाकडे पाहिलं. भोकं ताटभरच.

"मग दारूत गडबड आहे."

"दारू मागच्या वीकेंडला बदललीस."

"मग तुझं तूपच नडतंय! तूप काय बंदुकीत घालायची वस्तू आहे?"

मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. टेबलावर काळे दाणे सांडले होते, दारू मोजताना माझ्याच हातून. ते तिने एका कागदावर सावकाश गोळा केले.

"सगळं बदलून झालं," ती म्हणाली. "एकच गोष्ट राहिलीय. ऊठ."

ती पूर्वीही अधूनमधून एखादा बार काढायची. हौस नव्हती, पण भीतीही नव्हती. तीच दारू, त्याच चिंध्या, तेच तूप. मी तिच्या मागे उभा राहिलो आणि मनात म्हणत राहिलो, चुकू दे तुझा नेम, बाई, चुकू दे. गणपतीकडे मी परीक्षेच्या मार्कांनंतर कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी वाऱ्याची एक झुळूक मागितली. धूर होता तिथेच रेंगाळत राहिला.

तिची पाचही भोकं वाटीखाली मावली असती. तुपात काहीच खोट नव्हती.

"नाइस ग्रुप, मॅम!" भोकांचा जमलेला झुपका पाहून शेजारचा म्हणाला. माझ्या पाठीवर त्याने थापही मारली.

ती हसली नाही. निशाणाचा कागद माझ्या हातात देत हळू आवाजात म्हणाली, "मी मुद्दाम चुकणार होते रे. ठरवून बसले होते. पण मग वाटलं, उद्या तुझ्या टेबलावर कुणाची तरी आई असेल."

"तुला माहीत होतं?"

"रोज सकाळी तुझा ओट्यावर सांडलेला चहा कोण पुसतं?"

मला आधी तिचा राग आला, मग रडू आलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, चारचौघांत, बंदुकीशेजारी बसून रडलो. रडून झाल्यावर डाव्या हाताने फोन काढला आणि क्लिनिकच्या मॅनेजरला लावला. उद्याची माझी ऑपरेशन्स कॅन्सल करा, म्हणालो. पुढची कधी घ्यायची, असं मॅनेजरने विचारलं. घेऊ नका, म्हणालो.

तेवढा वेळ बायकोने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. तिचे हात तुपाने आणि काजळीने माखलेले होते. त्यांच्यातही तो थरथरतच होता.