हवालदारबाईंना पंच हवा होता

त्या दिवशी हवालदारबाई दारात उभ्या असताना मी घरात असूनही नाही असं बायकोला सांगायला लावलं, हे आधीच कबूल करतो. त्यांच्याइतकं सरळ माणूस अख्ख्या घणसोलीत नाही. त्यांच्याविषयी लिहिताना तरी खोटं नको.

तळमजल्यावर राहणाऱ्या या बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. बोलणं पंचनाम्यासारखं. भाजीवाल्याला म्हणतील, "मेथी एक जुडी, आत पिवळी पानं अकरा, वरून पाणी मारलेलं. काय म्हणणं आहे तुझं?" तो मुकाट्याने दुसरी जुडी काढतो. पाहुण्याला चहा देतानाही सांगतील, "कपाचा कान आधीपासून मोडलेला आहे." हळदीकुंकवाला त्या ड्युटीवरून गणवेशातच येतात आणि हळद लावता लावता बायकांची मनगटं बघतात. आम्ही पुरुष त्यावर खूप हसायचो.

अशाच एका हळदीकुंकवाला, आमच्या वरच्या घरातल्या ताईने बाही पटकन खाली ओढली. दुसऱ्या दिवसापासून बाई विरजण मागायला रोज वर. त्यांच्या फ्रिजमध्ये दह्याची सात पातेली साठली, तेव्हा कुठे ताई बोलली आणि नवऱ्याविरुद्ध तक्रार झाली.

ताईच्या घराच्या पंचनाम्याला दोन पंच हवे होते. मी सोसायटीचा सेक्रेटरी. महिला दिनाला याच बाईंना शाल देऊन वीस मिनिटं बोललेलो. बेल वाजली तसा मी पडद्यामागे गेलो.

"हे महाप्याला ऑफिसात गेलेत," बायको म्हणाली.

"रविवारी?"

"कामाचं फार टेन्शन आहे हो."

"बरं. हे तिसरं दार," म्हणत बाई वळल्या.

शेवटी कोपऱ्यावरची इस्त्रीवाली आणि तिचा नवरा पंच म्हणून उभे राहिले. तोवर ताई "कुणीच येत नाही, तर राहू द्या" म्हणून तक्रार मागे घ्यायला निघाली होती, हे मला नंतर कळलं. महिनाभर मी बाईंची नजर चुकवत होतो. मग एका सकाळी त्यांचं दार वाजवलं.

"बाई, त्या दिवशी मी घरातच होतो."

"माहीत आहे, भाऊ. पडद्याखाली दोन पाय, डाव्या अंगठ्याला पट्टी."

"चुकलं माझं."

"मला काय सांगता? वर जा."

ताई आता मुलीबरोबर एकटीच राहते. तिनेच दार उघडलं.

"ताई, मला तीन वर्षं सगळं ऐकू येत होतं," मी म्हणालो. "मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. मला माफ करा."