टाकीतला शिंपला आणि माळकरी सासरे

चहा घ्या आणि ऐका. माणूस शिकला-सवरला म्हणजे त्याला समोरच्याचं बोलणं कळतं, असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्याकडं बघा. साध्या मराठीत चाललेलं बोलणं मला कळलं नाही, आणि त्यापायी मी एका चांगल्या माणसाला दवाखान्यात नेलं.

झालं काय, आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरात माशांची काचेची टाकी आहे. तिचं पाणी लई हिरवं व्हायला लागलं. कितीही धुवा, चार दिवसांत पुन्हा पालकाची पातळ भाजी! चितेगावच्या कंपनीत माझ्यासोबत शकील आहे, पैठणचा. तो म्हणाला, "अरे, गोदावरीतला शिंपला सोड ना आत. वो दिनभर पानी पीता, साफ करके छोडता. उसको खाना नको, कुछ नको." आणि शनिवारी डब्यात पाणी घालून खरंच एक घेऊन आला.

अजून पुरता न वाढलेला शिंपला होता. सुपारीहून जरा मोठा, काळपट, गुळगुळीत. हात लावला की दोन्ही शिंपा गच्च मिटायचा. मी त्याला टाकीतल्या वाळूवर अलगद ठेवला.

त्याच संध्याकाळी लासूर स्टेशनहून माझे सासरे आले. मी त्यांना मामा म्हणतो. गळ्यात तुळशीची माळ, कुणी अंड्याचं नाव काढलं तरी उठून दुसऱ्या खोलीत जाणार. त्यात शुगर. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडं मुक्कामाला आले होते. शेती सोडून कंपनीत जाणारा जावई त्यांना फारसा पसंत नव्हता, म्हणून मी लई जपून होतो. त्यांची झोपायची सोय हॉलमध्ये, टाकीशेजारच्या दिवाणावर केली.

रविवारी सकाळी वैशाली, म्हणजे माझी बायको, भाजी आणायला गेली. मी टाकीपाशी आलो, तर शिंपला नाही. वरचं झाकण अर्धवट सरकलेलं. मी सोफ्याखाली बघितलं, टीव्हीमागं बघितलं. शेवटी पेपर वाचत बसलेल्या मामांना विचारलं,

"मामा, तो काळा दिसंना. तुम्ही पाहिला का?"

मामांनी पेपर खाली घेतला. चेहरा पार उतरला.

"पाव्हणं, खोटं नाय बोलत. म्या खाल्ला."

"खाल्ला?"

"पहाटं जाग आली. झाकन काढलं तर समोरच. ऱ्हावलं नाय."

"अहो, पण तो तर पाण्यात…"

"व्हय. ते पातळ बी पिलो थोडं," मामा खाली मान घालून म्हणाले. "लई ग्वाड हाय."

मी टाकीतल्या हिरव्या पाण्याकडं बघितलं.

"वैशूला नका सांगू. तुमच्या पाया पडतो."

आता मी कसला सांगतोय! माळकरी माणूस, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा घसरला, आणि तेही कच्च्या शिंपल्यावर. वर विश्वास टाकला तो माझ्यावर. मला भरून आलं. गॅलरीत जाऊन मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. "सासऱ्यांनी नदीतला शिंपला खाल्लाय. जिवंत."

मग डॉक्टर म्हणाले, "कवचासकट?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परत आत आलो. "मामा, वरचं टणक असतं, त्याचं काय केलं?"

"वरून जरा कडक लागला. पर चावला की. दात मजबूत हायेत अजून."

डॉक्टर म्हणाले, असतील तसे घेऊन या. शुगर तपासून येऊ, असं सांगून मी मामांना स्कूटरवर बसवलं. खड्डा आला की मी हळूच विचारायचो, "दुखतंय का?" मामा म्हणायचे, "न्हाई ओ."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना टेबलावर आडवं केलं, पोट दाबून बघितलं. "काका, आत काही टोचतंय का?"

"मनाला टोचतंय," मामा म्हणाले. "पोरीनं लपवून ठेवलेला काळा जामुन चोरून खाल्ला, डॉक्टरसाहेब. या वयात."

डॉक्टरांचा हात थांबला. "काय खाल्लं?"

"काळा जामुन. फ्रीजमधल्या डब्यातला, पाकातला."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "फोनवर तर तुम्ही शिंपला म्हणालात. जिवंत."

मामा हळूहळू उठून बसले. एक हात माळेवर. "शिंपला? म्या?"

मी समजावायला लागलो. टाकी, पाणी, शकील, झाकण. जेवढं समजावलं तेवढं बिघडत गेलं. दार उघडंच होतं, बाहेरचे पेशंट खोकायचं विसरून ऐकत होते. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस परस्पर लासूरची गाडी धरणार.

आणि मामांचे खांदे हलायला लागले. मग पोट हललं, मग टेबल. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. डॉक्टरांनी हसत हसतच शुगर तपासली. ती मात्र खरंच वाढली होती.

घरी आलो तर वैशाली टाकीसमोर वाकून उभी. "हा बघ तुझा शिंपला. वाळूत घुसून बसलाय, नुसतं टोक वर आहे. आणि तुम्ही दोघं सकाळी सकाळी गेला होता कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "पाव्हण्यांना बरं वाटत नव्हतं. डोक्याचं कायतरी हाय."

त्या दिवसापासून आमचं दोघांचं लई जमलं. फक्त मामांनी ही गोष्ट लासूरला घरोघर सांगितली, आणि त्यांच्या सांगण्यात काळा जामुन कुठंच नाही. नुसता मी आणि शिंपला. परवा सासरी जेवायला बसलो, तर मामी ताटात वाढताना म्हणाल्या, "घ्या पाव्हणं, भरलं वांगं हाय. हलत नाय."

सगळी पंगत हसली. मीही हसलो. पण खरं सांगू? सगळ्यांची नजर चुकवून ते वांगं मी बोटानं एकदा ढकलून बघितलंच.