एक तास पाच मिनिटं

दादाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही. तो कोलशेतला बाविसाव्या मजल्यावर राहतो आणि तिथून सगळ्यांना सल्ले देतो. आई माझ्याकडे असते, डोंबिवलीत.

मराठवाड्यातून मावशीच्या सुनेचा फोन सकाळी सातला आला. डॉक्टरांनी आज-उद्याचं सांगितलंय, आणि मावशी सारखी 'ताईला बोलवा' म्हणतेय. ताई म्हणजे माझी आई. तिने लगेच पिशवी भरली. औषधं, चष्मा, आणि मावशीसाठी दिवाळीपासून घेऊन ठेवलेली मोरपंखी इरकल साडी. मी गाडीवाल्याला फोन लावणार तेवढ्यात दादाचा आला.

"अगं, दहा तास रस्त्याने नेतेस आईला? तिच्या कमरेचं काय? फ्लाइटने एक तास पाच मिनिटं. मी बघतो सगळं, तू मध्ये पडू नकोस."

घरच्या ग्रुपवर त्याने लिंकही टाकली. इकडचा नवा विमानतळ, तिकडे मावशीच्या गावाजवळचा विमानतळ, मध्ये निळी रेघ. वर हवाई अंतर, खाली उड्डाणाचा वेळ. मी त्यावर अडाण्यासारखा अंगठा उठवला. त्या अंगठ्याचा मला दादाइतकाच राग येतो.

दुपारी विचारलं तर म्हणाला, "साइट हँग आहे, एजंटशी बोलतोय." संध्याकाळी फोनच उचलेना. आई पिशवी मांडीवर घेऊन दारासमोर खुर्चीत बसलेली. मधूनमधून विचारायची, "एकच तास ना गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन आला. आई मागे बसली, मी पुढे. शीळफाट्याला ट्रेलरांमध्ये अडकलो तेव्हा मी विचारलं, "विमान कितीचं?"

"विमान नाहीये," तो समोर बघत म्हणाला. "बाय रोड जातोय."

"रद्द झालं?"

"नव्हतंच. तिथे नुसती धावपट्टी आहे. ती साइट कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर काढून देते."

"हे तुला कधी कळलं?"

"काल दुपारी."

मी त्याला जे बोलले ते आईसमोर बोलायला नको होतं. वर हा मला समजावतो की आकडा बरोबरच होता. आईच्या कमरेची काळजी वगैरे काही नव्हती. 'माझं चुकलं' हे दोन शब्द म्हणायला लागू नयेत म्हणून त्याने आमचा एक दिवस खाल्ला.

सोलापूरच्या अलीकडे सुनेचा फोन आला. मावशी गेली होती. आईने पिशवीचे बंद तेवढे मुठीत धरले.

आम्ही पोचलो तेव्हा सगळे आमच्यासाठीच थांबले होते. मावशी सवाष्ण गेली, आणि अशा बाईला शेवटी माहेरची साडी नेसवतात. तिचं माहेर म्हणजे आता एकटी आई. शेजारची एक म्हातारी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "माहेरचं लुगडं आणलंय का?"

दादाने खिशातून मोबाइल काढला. "जवळ दुकान असेल ना? दहा मिनिटांत घेऊन येतो."

आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. पिशवीतली इरकल काढून तिने म्हातारीच्या हातात दिली.

"आणलीय," आई म्हणाली. "तिने नेसून दाखवावी म्हणून आणली होती."