आत कोणीच नाही

निशा कोळी आमच्या पनवेलच्या वर्कशॉपमध्ये अँटेना आखायची. अँटेना म्हटलं की लोकांना गच्चीवरची काठी आठवते. निशाची अँटेना ओळखपत्राएवढ्या कार्डात मावायची: तांब्याची नागमोडी पट्टी आणि मधोमध तिळाएवढी चिप. दारावरचा रीडर लहरी सोडतो, पट्टी त्या पकडते आणि चिप आपला नंबर कळवते. बॅटरी नाही की काही नाही. पट्टीचं माप जरा चुकलं की कार्ड मुकं. निशाचं माप चुकायचं नाही, आणि हे ती दिवसातून दोनदा ऐकवायची. मला तिचा रागच यायचा.

२०१२ साली द्रोणागिरीच्या एका कोल्ड स्टोरेजचं काम आलं. तिथे पनवेल कोळीवाड्यातल्या बायका कोळंबी सोलायला जायच्या, निशाची सासू चंद्रावतीबाईसुद्धा. प्रत्येकीला एक कार्ड, दारावर रीडर आणि बाहेर पडद्यावर आकडा, आत किती माणसं आहेत त्याचा. थंडाव्यासाठी लागणारा अमोनिया गळला, तर मागे कोण राहिलं ते कळावं म्हणून हा सगळा खटाटोप.

कार्डं वापरायचा पहिलाच दिवस होता. आम्ही दोघी दुपारी काम बघायला गेलो, तर फाटकातच डोळे झोंबायला लागले. भोंगा ठणाणा करत होता. बायका तोंडावर पदर दाबून पटांगणात खोकत उभ्या होत्या.

पडद्यावर शून्य होतं.

"सगळे बाहेर आले," मॅनेजर कृष्णकांत म्हणाले. "मॅडम, तुमच्या कार्डांनी लाज राखली. आता अग्निशमनवाले येईपर्यंत कोणी आत जायचं नाही."

निशा खूश झाली. मग तिने गर्दीवरून नजर फिरवली. पुन्हा फिरवली.

"आमच्या सासूबाई कुठायत? चंद्रावतीबाई?"

"त्या आज आलेल्याच नाहीत. आत गेल्याची नोंदच नाही."

"अहो, सकाळी मीच त्यांना तुमच्या बसमध्ये बसवलंय!"

निशा गर्दीत घुसली. सासूच्या शेजारी बसणाऱ्या गंगाबाईंचा तिने दंडच धरला. "कार्ड गळ्यात होतं ना त्यांच्या?"

"गल्यात नाय गो, चोलीत ठेवला तिनी," गंगाबाई खोकत म्हणाल्या. "बरफ आनाला आतल्या खोलीत गेली. मना वाटला, माज्या मागंच हाय."

निशा मटकन खाली बसली. माणसाच्या अंगात पाणीच जास्त. कार्ड अंगाला चिकटलं की पट्टीचं माप बिघडतं, लहरी अंगातच जिरतात. आम्ही कार्ड पुठ्ठ्यावर तपासलं होतं, प्लास्टिकवर तपासलं होतं. बाईच्या छातीशी धरून तपासायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. चंद्रावतीबाई सकाळी दारातून आत गेल्या, तेव्हा दाराला त्या दिसल्याच नव्हत्या.

"आकडा खोटा आहे!" निशा किंचाळली. "माझं कार्ड खोटं बोलतंय. उघडा ते दार!"

"मॅडम, सिस्टीम तुमचीच. आता तुम्हीच..."

ती स्वतःच दाराकडे धावली. मी तिला कमरेला धरून मागे खेचलं.  शेवटी थंडाव्याच्या मशीनवर काम करणारे काशिराम पुढे आले. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा निशाकडे, आणि तोंडावर मास्क चढवून पाठीवर हवेचा सिलिंडर घेतला.

दार त्यांच्यामागे बंद झालं. निशा माझा हात इतका आवळून उभी होती की बोटं बधिर झाली. ती देवाचं नावसुद्धा घेत नव्हती, नुसती पडद्याकडे बघत होती. काशिराम गेले तसा तिथे शून्याचा एक झाला. त्यांचं कार्ड गळ्यात होतं. आत दोन माणसं होती आणि आकडा एकच होता. चंद्रावतीबाई जिवंत होत्या की नाही, कुणास ठाऊक. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काशिरामांनी त्यांना खांद्यावरून आणलं. क्रेटच्या आडोशाला, ओला पदर तोंडावर धरून पडल्या होत्या म्हणे. डोळे सुजलेले, श्वास घरघरत होता. निशाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. चंद्रावतीबाईंनी चाचपडत चोळीत हात घातला, कार्ड काढून सुनेच्या तळहातावर ठेवलं.

"बग गो," त्या कशाबशा बोलल्या, "कोलंबीच्या पान्यानं भिजला तं नाय ना? तू केलेला, म्हून जपून ठेवला."