काकासाहेबांची न तापणारी गाडी

काकासाहेबांना गाडीबद्दल कुणी बोललेलं खपत नाही. पिशोरला त्यांचं घर माझ्या घराला लागून आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी ते बायकोला, आशावहिनींना, डायलिसिससाठी संभाजीनगरला नेतात. माझी नोकरी शहरातली, म्हणून त्या दोन दिवशी मागच्या सीटवर मी फुकट. फुकट्यानं तोंड उघडू नये हे मला कळतं, पण या डिसेंबरात मी उघडलंच. हीटर लावला की आतून थंडगार वारा यायचा.

वहिनींचा नंबर दुपारचा, त्यामुळे परत निघायला दिवस मावळतो. डायलिसिसनंतर त्यांना हुडहुडी भरते. दोन शाली, कानाला रुमाल, तरी दात वाजायचे. एका शुक्रवारी त्या म्हणाल्या, "अहो, मी आता नाय येत. सुई सोसते, ही थंडी नाय सोसवत." एक खेप चुकली तर काय होईल, ते डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. काकासाहेबांनी रागानं हीटरचं बटण फिरवलं, ते त्यांच्या हातातच आलं.

तोवर तीन मिस्त्री झाले होते. गावातल्यानं पंखा बदलला, तर गारठा आणखी जोरात येऊ लागला. जालना रोडवरच्यानं डॅशबोर्ड उचकटून आतली जाळी धुतली आणि उरलेले चार स्क्रू काकासाहेबांच्या तळहातावर ठेवले. तिसरा तर हसलाच. "आपल्याकडं हीटर कोन लावतं? काश्मीरला निघाले का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथं बाई कुडकुडतेय आणि याला विनोद सुचतायत!

मंगळवारी वहिनींना कसंबसं समजावून दवाखान्यात सोडलं. मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही दोघं हर्सूलला फकिरा मिस्त्रीकडं गेलो. म्हातारा कमी बोलणारा. गाडी चालू करायला लावून तो बोनेटपाशी नुसता उभा राहिला. आम्ही घड्याळ बघत होतो आणि हा बिडी ओढत होता.

"गरमीचा काटा कुठवर चढतो?" त्यानं विचारलं.

"चढतच नाय!" काकासाहेबांनी छाती काढली. "भर मे महिन्यात निम्म्याला टेकला नाय. आपली गाडी तापत नसती."

"मंग हीटरला गरमी कुठून आणू? इंजनाच्याच पाण्यावर चालतो त्यो." फकिरानं रेडिएटरच्या पाइपावर हात ठेवला. "थर्मोस्टॅट कुठंय?"

काकासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. एप्रिलात चाळीसगावच्या लग्नाहून येताना कन्नडच्या घाटात गाडी उकळली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी थर्मोस्टॅट काढायला लावला. आपल्याकडं उन्हाळ्यात बरेच जण काढतात. ती स्प्रिंगवाली पितळी चकती पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरते. तीच काढली की गाडी बारमाही गार. "लई डोकं लावलं," म्हणून मीच त्यांची पाठ थोपटली होती.

काकासाहेब वस्तू फेकत नाहीत. त्यांनी पुढचा कप्पा उघडला, वहिनींची दवाखान्याची फाइल बाजूला सारली आणि फडक्यात गुंडाळलेला थर्मोस्टॅट बाहेर काढला. इतके दिवस तो वहिनींच्या गुडघ्यांसमोर पडून होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फकिरानं जुन्या डब्यात पाणी उकळून चकती आत सोडली. ती हळूहळू उघडली. "जित्ता हाय," तो म्हणाला, आणि नवं पॅकिंग घालून तासाभरात त्यानं तो बसवला, हीटरचं निघालेलं बटणही जागेवर दाबलं.

संध्याकाळी निघालो. काकासाहेबांचं एक लक्ष रस्त्यावर, एक काट्यावर. "मिस्त्र्यांना शिव्या घातल्या," ते पुटपुटले, "अन् हिला गारठवत होतो मीच." वहिनी डोळे मिटून होत्या. फुलंब्री मागं पडली आणि त्यांनी कानाचा रुमाल सोडला.

"अहो, गाडी तापली व्हय?"

"तापली," काकासाहेब म्हणाले.

वहिनींनी वरची शाल काढून घडी केली, मांडीवर ठेवली. मग विचारलं, "शुक्रवारी किती वाजता निघायचं?"