रिग्रेट म्हणजे मंजूर

तमाम वाचकांस दवंडी पिटून कळवण्यात येते, की थळच्या किनाऱ्यावरचा एकेकाळचा एकमेव इंग्रजी विद्वान — म्हणजे मी — आज तोंड उघडणार आहे. हसा खुशाल. पण हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आणि आता ते सांभाळून दमलोय.

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. इंग्रज गेला, पण त्याच्या भाषेतली पत्रं येतच राहिली — ती वाचायला मी. ओट्यावर उभा राहून, हातवारे करत, नाटकासारखं वाचायचो. श्रावणात दामू कोळ्याच्या नावानं पत्र आलं. मुंबईला गोदीत नोकरी मिळावी म्हणून त्यानं अर्ज केला होता. पहिल्याच ओळीत 'रिग्रेट'. हा शब्द मला येत नव्हता. पण ओट्याखाली वीस माणसं, दामूची बायको पारू हातातली टोपली खाली ठेवून उभी — काय म्हणणार होतो, येत नाही? मी कागद उंचावून ओरडलो, "मंजूर!"

इथवर नुसता अडाणीपणा. इथंच थांबलं असतं तर!

संध्याकाळी शब्दकोश काढला. रिग्रेट — खेद, दिलगिरी, पश्चात्ताप. साहेब नाही म्हणण्याआधी अशी मान लववतो, हे तेव्हा कळलं. दामूचं घर चार घरं सोडून. गेलो का? नाही. उद्या सांगू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. आमच्याकडे त्या दिवशी नाखवा होडीवरची माणसं ठरवतो, आणि एकदा ठरली की हंगामभर बदल नाही. दामू म्हणाला, "माजी जागा दुसऱ्याला द्या, नाखवा. मी आता साहेबाचा मानूस." सगळे हसले. मी शेजारीच होतो — तोंडात प्रसादाचं खोबरं. एक शब्द पुरला असता. मी खोबरं चावत राहिलो.

आठवड्यानं दामू रेवसहून लाँचनं मुंबईला गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. तो सगळा हंगाम त्यानं काठावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवली. पारूनं दुसऱ्यांचे बोंबील वाळवले.

तिनं मला भर बाजारात गाठलं. "विद्वान म्हनं! कागद मांजराला दिला असता तं बरा होता!" मी खाली बघत होतो. दामूनं तिचा हात धरला, आणि सगळ्यांसमोर बोलून गेला,

"जाव दे गो! त्याला ठावं असतं, तं त्यानं सांगलं नसतं काय?"