शेंड्याचं पान

"शेंड्याचं पान हलतंय गं. डाग देऊन पक्कं करून आण कुणाकडून तरी," सासूबाई दसऱ्याला फ्रेम चिंचेने घासताना म्हणाल्या होत्या. पितळी फ्रेम, चारी बाजूंनी चढत गेलेली वेल, नखाएवढी पानं. मी "आणू हो, आई" म्हटलं आणि विसरले.

माघात त्या गेल्या. त्यांचाच फोटो त्या फ्रेममध्ये बसला. रीतीप्रमाणे, आणि ह्यांच्या आत्यांच्या म्हणण्याप्रमाणे, तो दक्षिणेच्या भिंतीवर लावायचा. पण नातीला बघायचं त्यांचं राहून गेलं होतं, म्हणून मी फ्रेम पाळण्यातच, रेवाच्या उशाशी कठड्याला टेकवून ठेवलीय.

दुपार आहे. दात येतायत म्हणून सकाळपासून किरकिरणारी रेवा आत्ता कुठे डोळे मिटतेय. मी पाळण्याखाली चटईवर आडवी होते. दोरी हातात आहे. ओढते, सोडते. ओढते. दोरीला पानं आहेत.

वेल धरून मी स्वयंपाकघरात येते. आई ओट्याखाली पाटावर बसून चिंच कोळतायत.

"आलीस? तोंड बघ कसं झालंय. झोपतेस का काही?"

"रेवा झोपू देत नाही."

"बापावर गेलीय. त्यानेही मला असंच जागवलं."

"तुम्ही बघितलंत तिला?"

"उशाशी आणून बसवलंयस आणि वर विचारतेस."

"आत्या म्हणतात, भिंतीवरच लावायला हवा होता."

"तिला काय जातंय. भिंतीवरून नुसता पंखा दिसतो."

मला हसू येतं. ओटा आता दवाखान्यातला बाक आहे, आम्ही दोघी नंबर लागायची वाट बघतोय. आईंच्या मांडीवर फ्रेम आहे. फोटोच्या जागी नुसता पुठ्ठा. त्या एकेक पान चिंचेने चोळत वर वर जातात आणि थांबतात.

"शेंड्याचं कुठंय?"

"असेल तिथेच."

"एम.एस्सी. झालीस ना? असेल काय म्हणतेस. बघ."

उठावंसं वाटत नाही. त्यांच्या लुगड्याला कापराचा वास आहे, खांदा अगदी जवळ आहे.

"आई, थोडं बसू द्या ना. फार दमलेय हो."

त्या ओला हात माझ्या डोक्यावर ठेवतात.

"दमलीयस, दिसतंय मला. तरी ऊठ. मग नीज हवं तेवढं."

आतून कुणीतरी रेवाचं नाव पुकारतं. बाकावर मी एकटी आहे.

डोळे उघडतात. दोरी हातातून सुटलीय. पाळण्यातून आवाज नाही.

मी उठते. रेवा जागी आहे, टक लावून फोटोकडे बघतेय. वेलीचा शेंडा बोडका आहे. तिची मूठ तोंडाशी, लाळेने ओली. मी एकेक बोट सोडवते, ती चिडून रडायला लागते. रडू दे. तळहातावर पान आहे. तोंडात अजून गेलेलं नव्हतं.

यंदा फ्रेम कुणी घासली नाही. सगळी वेल काळी पडलीय. हे एवढं एक पान सोन्यासारखं लखलखतंय, आणि त्याला चिंचेचा आंबूस वास आहे.

तुमच्या घरात आत्ता एखादं लहान मूल झोपलं असेल आणि बराच वेळ त्याचा आवाज आला नसेल, तर हे बाजूला ठेवा. असेल झोपलेलं, म्हणू नका. जाऊन मूठ उघडून बघा.